इंदूआक्कांकडची खुर्ची

इंदूआक्कांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मी चुकीच्या खुर्चीवर बसणार होते. बेळगावातल्या त्यांच्या घराची पुढची खोली तशी लहानच. एक कॉट, पुस्तकांची दोन कपाटं, एक प्लास्टिकचं स्टूल आणि खिडकीशी हातांची एक जुनी वेताची खुर्ची. पाहुणी म्हणून मी अर्थातच खुर्चीकडे वळले. एवढ्यात आतून पाणी घेऊन येणाऱ्या आक्का म्हणाल्या, "तिथं नको गं. तिथं बसल्यात."

मला वाटलं मांजर असेल. मांजर नव्हतं. साधी उशीसुद्धा नव्हती. वेताची जाळी मात्र मधोमध खाली दबली होती. "कोण बसल्यात?" मी विचारलं. "सांगतो मग. तू स्टुलावर बस," आक्का म्हणाल्या. त्यांनी एक पेला खुर्चीजवळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि मग दुसरा माझ्या हातात दिला. पाहुणी मी होते, पण पाणी मला नंतर मिळालं, हे माझ्या चांगलंच लक्षात राहिलं.

त्यांच्याच हायस्कुलात मी नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते आणि आक्का मराठी शिकवायच्या. अदृश्य माणसांवर विश्वास ठेवण्याचा मला पगार मिळत नव्हता. वेत जुना झाला की सैल पडतो, ऊन लागलं की करकरतो, असं मी घरी जाताना स्वतःला समजावलं. पुढेही पुष्कळदा समजावलं.

शाळेत आक्कांची ख्याती वेगळीच होती. स्टाफरूममध्ये कुणी एखाद्या मोठ्या लेखकाची गाजलेली कादंबरी डोक्यावर घेतली, की आक्का चष्मा काढून पदराने पुसायच्या आणि विचारायच्या, "व्हय, पण त्यांचं मागं राहिलेलं वाचलंस काय?" 'मागं राहिलेलं' हा त्यांचा शब्द. थोर नाटककाराचं पडलेलं नाटक, विनोदी लेखकाने एकदाच लिहिलेली गंभीर कादंबरी, कवीने तरुणपणी छापलेलं आणि पुढे ज्याचं कधी नावही काढलं नाही असं प्रवासवर्णन. वाचनालयात गेल्या की पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायच्या. तिथे तारखेचा एकही शिक्का नसला की पुस्तक पिशवीत. "थोरला शिकून मोठा झाला की समदी त्याचंच कौतुक करत्यात," त्या म्हणायच्या. "धाकटं उंबऱ्यात बसून असतंय. जेवलास काय म्हणून सुदीक कोण इचारत न्हाय त्याला."

ही पुस्तकं त्या मोठ्याने वाचायच्या. शाळा सुटली की घरी येऊन, हातपाय धुऊन, कॉटवर मांडी घालून, खुर्चीकडे तोंड करून. मी एकदा म्हटलं, "आक्का, घसा कशाला ताणताय? मनात वाचा की." तर म्हणाल्या, "मनात वाचलं तर मला कळलं. मोठ्यानं वाचलं तर ज्याचं हाय त्याला कळतंय."

एका संध्याकाळी गावात बाहेरून आलेल्या वक्त्यांचं भाषण होतं. भाषण झकास झालं. मग प्रश्न विचारायची वेळ आली आणि आक्का उभ्या राहिल्या. ज्या लेखकावर भाषण झालं त्याच्या अशाच एका मागे राहिलेल्या पुस्तकाविषयी त्यांनी विचारलं. वक्ते हसून म्हणाले, "प्रामाणिकपणे सांगतो, वाचलेलं नाही." लोक हसले. मला वाटलं, आता रस्ताभर आक्का त्यांना सोलून काढणार.  पण कोपऱ्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "सुटला गं बिचारा. वाचलंय म्हणाला असता तर अडकला असता."

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. आक्का निवृत्त झाल्या होत्या. मी पिरनवाडीत घर बांधलं होतं आणि येता-जाता त्यांच्याकडे डोकावत होते. तोवर खुर्चीची मला सवय झाली होती. एक गोष्टही ध्यानात आली होती. आक्का माझ्याशी घरच्या बोलीत बोलायच्या, आमच्याकडच्या बायका बोलतात तशा, मी येतो, मी जातो असं. मध्येच मान थोडी वळवून त्या "ऊन लागतंय का? पडदा ओढते हं," असं वर्गातल्या स्वच्छ मराठीत म्हणायच्या. ते माझ्यासाठी नसायचं. त्या कुणाशी बोलतायत हे मला न बघताही कळायचं, आणि अंगावर काटा यायचा तो तेव्हा. भर दुपारी, बाहेर भाजीवाल्याची गाडी थांबलेली असताना.

शेवटी एका दुपारी मी सरळच विचारलं. "आक्का, कोण बसल्यात ते आज सांगाच."

आक्का निपाणीच्या. वडील तंबाखूच्या वखारीत मोठे कारभारी. गावात व्याख्यानाला आलेले पाहुणे बहुधा त्यांच्याकडे उतरायचे. आक्का शाळेत होत्या तेव्हा एक फार मोठे लेखक आले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आक्कांनीच तशी ताकीद दिली होती. "नाव सांगितलंस की लोक परत त्याच गाजलेल्या पुस्तकाकडं पळत्यात," असं त्यांचं म्हणणं. रात्रीची जेवणं झाली, पाहुणे या वेताच्या खुर्चीत बसले आणि गावातली मंडळी त्यांच्या गाजलेल्या कादंबरीतली वाक्यंच्या वाक्यं त्यांना म्हणून दाखवू लागली. ते ऐकत होते, सुपारी कातरत होते. मग हलकेच म्हणाले, "माझं ते दुसरं पुस्तक कुणी वाचलंय का?"

"समदी गप," आक्का सांगत होत्या. "कोण पानाच्या डब्यात बघतंय, कोण भिंतीकडं बघतंय. मी सैपाकघराच्या दारात उभी. त्यांचं तोंड बघवंना मला. एवढा मोठा माणूस, आणि तोंड कसं, बाजारात चुकलेल्या पोरासारखं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, मी वाचलंय."

"आणि वाचलं नव्हतं?"

"बघितलं सुदीक नव्हतं."

पाहुण्यांनी खुर्ची उचलून दाराकडे वळवली. त्या शाळकरी मुलीसमोर बसून विचारलं, "शेवट कसा वाटला?" ती गोंधळली. त्यांना वाटलं लाजली. "आता नको. सकाळी निवांत सांग," ते म्हणाले. सकाळी इंदू वखारीत तंबाखूच्या बोदांमागे, त्या मोठाल्या गठ्ठ्यांच्या आड, जाऊन बसली. हाका ऐकू येत होत्या, पण बाहेर आली नाही. गाडीत बसताना पाहुणे वडिलांना सांगून गेले, "परत येईन तेव्हा ऐकेन म्हणावं तिला." पुढे थोड्याच दिवसांत ते वारल्याची बातमी आली.

"आणि मग आले," आक्का म्हणाल्या.

"कुठे?"

"तू कुठं बसणार हुतीस पयल्या दिवशी?"

वडिलांच्या माघारी घरातलं सामान वाटून घेताना आक्कांनी फक्त ती खुर्ची मागितली होती. ते दुसरं पुस्तक त्यांनी जन्मभर शोधलं. प्रकाशक बुडालेला, नवी आवृत्ती निघालेली नाही, समग्र साहित्यात नुसतं नाव. लेखकानेसुद्धा हयातीत ते कुठे नोंदवलं नव्हतं. ते मिळेना म्हणून आक्का इतरांची मागे राहिलेली पुस्तकं वाचून दाखवत राहिल्या. "बसल्यात तर काय तरी ऐकवाय नको? ते बी कुणाचं तरी तसलंच हाय की."

पुस्तक मिळालं तेव्हा आक्कांचे डोळे गेले होते. पूर्ण नाही. नजरेचा मधला भाग गेला होता, कडेचं तेवढं दिसायचं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना, पण दारातून कोण गेलं ते कळायचं. मी हळहळले, तर त्या समाधानाने म्हणाल्या, "उलट बरं झालं गं. ते पयल्यापासनं कडेलाच असत्यात. आता चांगलं दिसत्यात." 

पुस्तक आणलं आप्पांनी. आप्पा म्हणजे आक्कांचे धाकटे भाऊ, बेळगावच्या कोर्टात वकील. खुर्चीची चेष्टा करण्याचा हक्क घरात फक्त त्यांना होता. आले की चपला काढता काढता खुर्चीला कन्नडमध्ये म्हणायचे, "कूडरी सर, कूडरी. बसा, आमच्यासाठी उठू नका." लोंढ्याला त्यांच्या एका पक्षकाराचं जुनं घर पाडत होते. तिथल्या ट्रंकेत पक्षकाराच्या, रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांची पुस्तकं निघाली, आणि त्यात हे निघालं. पातळसं, पुठ्ठा सुटलेला, आणि बरीचशी पानं एकमेकांना जोडलेलीच. छापल्यापासून कुणी ती कापलीच नव्हती. आप्पांनी पुस्तक हातात दिलं, तर आक्कांनी आधी वास घेतला आणि मग कितीतरी वेळ ते पोटाशी धरून बसल्या.

मला शाळा होती, म्हणून पहिले काही दिवस आप्पांनी वाचलं. वकिलाचा आवाज, पण कादंबरी फार संथ होती. दोन भावंडं, भाऊ घर सोडून जातो, थोरली बहीण वाट बघत राहते, एवढीच गोष्ट. तीही पानोपानी पाऊस, गोठा, चूल असं करत पुढे सरकणारी. एका दुपारी आक्का कॉटवर डोळे मिटून पडल्या होत्या. आप्पांना वाटलं झोप लागली. त्यांनी गुपचूप बरीच पानं एकदम उलटली आणि आवाजात काही फरक न करता पुढे वाचू लागले.

"आप्पा, मागं जा," आक्का डोळे न उघडता म्हणाल्या.

"का गं? काय झालं?"

"उठून दाराकडं गेल्यात ते."

हे आप्पांनीच मला सांगितलं, हसत नव्हे. "शैला, मला वाटलं, हिला गोष्ट तुटल्यासारखी लागली असेल. असं घडतंय. पण मी वर बघितलं तर खुर्चीची जाळी वर आलती. सपाट. मी आपला मागं गेलो आणि सोडलेली पानं वाचली. मान खाली घालूनच वाचली. परत वर बघायचं धाडस न्हाय झालं मला." दुसऱ्या दिवशी त्यांना अचानक खूप कोर्टकाम निघालं आणि वाचनाचं काम माझ्याकडे आलं. सुट्टी लागलीच होती. "कूडरी सर" मात्र त्यानंतर कधी ऐकू आलं नाही.

मी सुरीने पानं कापायचे आणि वाचायचे. विज्ञानाच्या बाईला असलं वाचायची सवय नाही. पण हळूहळू त्या पुस्तकाने मला धरलं. ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. लांबलेलं होतं, कुठे कुठे रडकंही. पण त्या गाजलेल्या कादंबरीत सगळीकडे टाळ्यांची सवय झालेला माणूस दिसतो, आणि त्याआधीच्या या पुस्तकात मात्र त्याला अजून कुणी ओळखत नव्हतं. कधी वाचन छान जमून आलं की खिडकीकडून कच्च्या तंबाखूचा वास यायचा. वेतात मुरलेला असेल, मी म्हणायचे. निपाणीचंच ते सामान. पेल्यातलं पाणी कमी व्हायचं, तर बेळगावच्या उन्हाळ्यात पाणी आटतंच.

शेवट जवळ आला तशी आक्कांची लक्षणं बदलली. कधी डोकं दुखायला लागलं, कधी "कालचं परत वाच गं, नीट कळलं न्हाय". एकदा तर मी येणार हे माहीत असूनही दाराला कडी घालून झोपून राहिल्या. आणि तब्येत दिवसेंदिवस उतरत होती. हृदय दमलंय, जपून राहा, असं डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं होतं. मला राग आला. जन्मभर ज्यासाठी थांबली ते हाताशी आलंय आणि ही बाई नखरे करतेय! मी तसं बोलूनही दाखवलं, जरा तोडूनच.

आक्का रागावल्या नाहीत. माझा हात चाचपत धरला आणि अगदी हलक्या आवाजात, खुर्चीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "उत्तर दिलं की जातील की गं ते."

 लग्न न केलेली, गावोगाव बदल्या झेललेली, निवृत्तीनंतर एकटी राहिलेली ही बाई. रोज शाळेतून आल्यावर घरात कुणीतरी बसलेलं होतं. आहे की नाही हा माझा प्रश्न होता, तिचा कधीच नव्हता. मला फार वाईट वाटलं. "मग राहू द्या," मी म्हटलं. "शेवटचं प्रकरण नको वाचूया."

त्या दिवशी तसंच ठरलं. पण चारेक दिवसांनी आक्कांनी सकाळीच फोन करून बोलावून घेतलं. उठून बसल्या होत्या, वेणी घातली होती, ठेवणीतलं इरकल नेसल्या होत्या. "वाच," म्हणाल्या. "मी आधी गेलो तर ते हितंच बसून ऱ्हायचे. मग इचारायचं कुणाला त्यांनी?"

मी वाचलं. भाऊ परत येतो. पावसात भिजत दारात उभा राहतो, हाक मारतो. बहीण नुकतीच गेलेली असते, चुलीवरचा भात अजून गरम असतो. भावाच्या रडण्यावर पुस्तक संपतं. मी पुस्तक मिटलं. बाहेर रिक्षा, शेजारच्या घरात मिक्सर. खोलीत मात्र इतकं शांत झालं, की कुणीतरी श्वास धरून बसलंय असं वाटावं. आणि तंबाखूचा वास इतका दाट, की मला ठसका लागला.

आक्का खुर्चीकडे वळल्या. त्यांच्याशी त्या नेहमी वर्गातल्या मराठीत बोलायच्या, हे मी सांगितलंच. त्या दिवशी पहिल्यांदा त्या आपल्या बोलीत बोलल्या. "खोटं बोललो मी तवा," त्या म्हणाल्या. "वाचलं नव्हतं. आज वाचलं. आणि शेवट चुकलाय तुमचा. तिला मारायला नको हुतं. तुम्हाला फुडं सुचलं न्हाय म्हणून मारलासा. ती जिती पायजे हुती. त्यो दारात आला की तिनं एवढंच म्हणायचं, जेवलास काय? बास. दुसरं काय न्हाय."

वेत करकरला. ऊन खिडकीवर नव्हतं, हे मी मुद्दाम पाहिलं. मग आक्का हसल्या. डोळे भरून आले होते, तरी लहान मुलीसारख्या हसल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं. असा प्रश्न मी विचारला याचं मला नंतर नवल वाटलं, तेव्हा वाटलं नाही.

"म्हणाले, तू वाचलं नव्हतंस हे मला त्याच रात्री कळलं होतं."

"मग इतकी वर्षं कशाला येत होते?"

"मी बी तेच इचारलं," आक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "तर म्हणाले, दुसरं कुणी खोटंसुद्धा हो म्हणालं नाही."

थोड्या वेळाने त्यांनी मला खिडकीवरचा पेला उचलून ठेवायला सांगितलं. पेला रिकामा होता. खुर्चीची जाळी वर आली होती, सपाट, आप्पांनी सांगितली होती तशी. वास गेला होता. "बस आता तिथं," आक्का म्हणाल्या, "मोकळी हाय." मी बसले नाही. स्टुलावरच बसून चहा घेतला. आक्का मात्र कॉटवरून पुन्हा पुन्हा मान वळवून कडेकडेने तिकडे बघत होत्या. त्यांची ती नजर माझ्याच्याने बघवली नाही.

त्यानंतर आक्का फार राहिल्या नाहीत. त्रास असा काही झाला नाही. शेवटच्या दिवशी मी शाळेतून थेट त्यांच्याकडे गेले होते. आप्पा उशाशी होते. आक्कांची शुद्ध येत-जात होती. मी दारात उभी राहिले. समोर बघून त्यांना चेहरा दिसायचा नाही, म्हणून त्यांनी मान थोडी वळवली, कडेने मला ओळखलं आणि म्हणाल्या, "आलीस? जेवलीस काय गं?"

"जेवले," मी म्हटलं. खरं तर जेवले नव्हते.

खुर्ची आप्पांनी माझ्याकडे पोचवली. "तू ने बाई," एवढंच बोलले. पिरनवाडीच्या घरात ती खिडकीशी ठेवली आहे आणि शाळेतून आले की मीही आता मागे राहिलेलं काहीतरी वाचते. मोठ्याने. आधी नुसती आक्कांची आठवण म्हणून सुरू केलं होतं. परवा एका नामवंत लेखकाचं असंच एक जुनं पुस्तक वाचत होते. मधलं वर्णन भलतंच लांबलेलं. दमले होते, भूकही लागली होती. मी दोन पानं एकदम उलटली.

खुर्ची करकरली. मी वर पाहिलं नाही. मुकाट्याने मागे गेले आणि ती दोन पानं वाचली.